पुलाआधी उतरायचं

गोरेगावहून हिंगोलीला जाणाऱ्या जीपमध्ये हल्ली एक रीत पडली आहे. ओढ्यावरचा पूल आला की सगळ्यांनी उतरायचं, चालत पलीकडे जायचं, मागून रिकामी जीप येते, मग पुन्हा चढायचं. कोणाला सांगावं लागत नाही. देवळापाशी चपला काढाव्यात तसे लोक उतरतात.

कोळशाचे ट्रक या रस्त्याने जायला लागले तेव्हापासूनचं हे. मोठ्या रस्त्यावर वजन करतात, म्हणून ते फाळक्याच्या वर ढीग रचून आमच्या आडवाटेने येतात. रस्त्याला खोल चाकोऱ्या पडल्या, पुलाला तडा गेला, एका बाजूचा कठडा ओढ्यात जाऊन पडला. ट्रक काही थांबले नाहीत. आपलं ओझं आम्हीच कमी करतो! या शहाणपणाचा मला भयंकर राग येतो, आणि पूल आला की मीही निमूट उतरते.

आईला मात्र उतरता येत नाही. तिचे गुडघे गेलेत, आणि डायलिसिसला हिंगोलीला जाणं तर चुकत नाही. त्यामुळे जीपमध्ये ड्रायव्हर आणि ती, दोघंच पूल ओलांडतात. मी पलीकडे उभी राहून तिच्या डोक्यावरच्या पदराकडे बघत असते.

मागच्या खेपेला जीप पुलाच्या मधोमध बंद पडली. भर दुपार होती. ड्रायव्हर चावी फिरवत होता आणि आम्ही सगळे, जीपकडे नव्हे, मागच्या रस्त्याकडे बघत होतो. ट्रक आला नाही. पण पुलालगतच्या पिंपळावर एकही पाखरू बोलेना. शेवटी जीप सुरू झाली, आणि मी चढले तेव्हा आई पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"पूल हालून राहिला होता," ती म्हणाली.

ट्रक गेल्यावर हलतोच, असं मी म्हणाले.

"ट्रक कुठं होता? जीपबी बंद होती. काहीच न्हाई, तरीबी हालून राहिला होता."

दवाखान्यातून परतताना पूल आला तशी ती म्हणाली, मला उतरव. ड्रायव्हरने समजावून पाहिलं, मी रागावलेसुद्धा. डब्यात कोंडून घेऊन आता जायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. मग माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून ती पावलापावलाने निघाली. बरोबरचे लोक केव्हाच पलीकडे पोचले होते.

मध्यावर ती दम खायला थांबली. रस्ता दोन्हीकडे रिकामा, जीप मागे उभी. आणि माझ्या तळपायांना ते कळलं. तापातल्या माणसाच्या अंगाला हात लावल्यावर जाणवावी तशी बारीक थरथर, खालून वर येणारी. थरथर थांबत नव्हती. मला इतकी भीती वाटली की आईला तिथेच सोडून पळावं, असंही मनात येऊन गेलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं.

"चाल पोरी," ती म्हणाली. "परवा पुन्हा यायचंय."