डाव्या हातावरचं गोंदण

नाशिकात राहून चहाला नाही म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. इंदिरानगरात आमच्या समोरच्या घरात राहणारे जमादार. कुणाकडे गेले की ते कपबशीत नुसतं गरम पाणी मागत आणि चहासारखंच फुंकून पीत. कॉलनीनं आपापली निदानं करून ठेवली होती. कुणी पित्त म्हणे, कुणी नवस. मी एकदा सरळ विचारलं, तर म्हणाले, "एक चहा फार जड गेला, सर. तेव्हापासून बंद."

पोलीस खात्यात त्यांची सगळी नोकरी लिहिण्यात गेली. फिर्यादी, जबाब आणि मुख्य म्हणजे पंचनामे. त्यामुळे कुठलीही गोष्ट त्यांना थोडक्यात सांगता येत नसे. आमच्याकडे बसायला आले की आधी खोलीवरून नजर फिरे आणि ओठ हलत. पूर्वेस खिडकी, पश्चिमेस पुस्तकांचं कपाट, उत्तरेस सर बसलेले. एकदा माझा चष्मा हरवला. घरातल्यांनी दोन दिवस शोधला. जमादार म्हणाले, "परवा संध्याकाळी फ्रीजवर होता. काचा खाली, दांड्या दक्षिणेकडे." फ्रीजच्या दक्षिणेला एक फट होती, चष्मा तिच्यात पडलेला होता.

"दिसलं ते लिहावं, वाटलं ते घरी न्यावं," हे त्यांचं आवडतं वाक्य. चाळीस वर्षं मराठी शिकवूनही मला लेखनाबद्दल इतकं बरं काही सुचलं नव्हतं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते फुलस्केप कागदांचा एक गठ्ठा घेऊन आले. फाईलला बांधतात तशी फीत बांधलेली. "कादंबरी आहे," ते अशा सुरात म्हणाले, की दुसऱ्या कुणी मुद्देमाल सापडल्याचं सांगावं. "शुद्धलेखन तेवढं बघा." निवृत्त माणसाच्या हस्तलिखिताची मला धास्ती असते. त्यात बहुधा मूल्यं असतात आणि शेवटी कृतज्ञता. यात दोन्ही नव्हती. रेल्वेलाईनच्या कडेला झुडपात सापडलेलं एका अनोळखी बाईचं प्रेत आणि त्याच्याभोवतीची जमीन, यातच पहिली चाळीस पानं गेली होती. पुढे एक हवालदार त्या बाईचा माग काढत हिंडतो, लोकांशी बोलतो, परत येतो. शेवटच्या पानापर्यंत अटक कुणालाच नाही.

"खुनी कोण?" मी विचारलं.

"ते कळलं असतं तर कादंबरी कशाला लिहिली असती?"

मग त्यांनी मला तो चहा सांगितला.

हकीकत खरी होती. ठाणं कोणतं ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाईच्या गळ्यावर दोरीचा व्रण होता. दिवस उलटून गेल्यामुळे चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता, कपडे चिखलात गेले होते. ओळख पटावी असं एकच होतं, हातावरचं गोंदण. तुळशीचं रोप आणि खाली पाच ठिपके. चार ओळीत, पाचवा खाली सुटलेला. जमादारांनी तेही लिहिलं. प्रेत उताणं होतं आणि ते पायांच्या बाजूला उभं राहून लिहीत होते. त्यांना जो हात उजवीकडे दिसला तो त्यांनी कच्च्या कागदावर 'उजवीकडील हात' असा लिहिला. ठाण्यात पक्की प्रत करताना त्याचा 'उजवा हात' झाला. पंच म्हणून चहाच्या टपरीवरची दोन माणसं होती, त्यांनी सह्या केल्या. त्यांनी भूगोलाच्या पेपरावरही केल्या असत्या.

महिनाभरानं सटाण्याकडून एक भाऊ बहिणीला शोधत आला. ती सासरहून नाहीशी झाली होती. अशा वेळी पोलिसांची एक शिस्त असते. वर्णन आपण सांगायचं नाही, समोरच्याच्या तोंडून यायला हवं. जमादारांनी शिस्तीनं विचारलं, "अंगावर काही खूण?"

"गोंदण."

"कोणत्या हातावर?"

"डाव्या."

जमादारांनी रजिस्टर मिटलं. "मग ही तुमची बहीण नाही."

त्या माणसाला इतका आनंद झाला, की बाहेर जाऊन तो अख्ख्या ठाण्यासाठी चहा घेऊन आला. बहीण जिवंत आहे म्हणून. जमादारही प्याले.

दोन वर्षांनी जुनी कागदपत्रं लावताना त्या प्रेताचा फोटो त्यांच्या हाती आला. गोंदण डाव्या हातावर होतं. वरिष्ठांना सांगितलं तर ते म्हणाले, "गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, अशी फाईल बंद झालीये. बंद आहे तर बंद राहू द्या." जमादार सुट्टी टाकून त्या भावाच्या गावी गेले. घराला कुलूप होतं. सगळं कुटुंब कामासाठी कुठेतरी निघून गेलं होतं, कुठे ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

"म्हणून लिहिलं," ते म्हणाले. "कुणीतरी वाचेल, त्याच्या कानावर घालेल. तो माणूस अजून बहीण जिवंत धरून बसला असेल, सर. ते माझ्यामुळे."

प्रकाशकानं मुखपृष्ठावर सुरा आणि सिगारेट ओढणारी बाई छापली. कादंबरीत सुराही नव्हता आणि सिगारेटही. ज्यांना सुरा हवा होता ते फसले आणि ज्यांनी पुस्तक वाचलं असतं त्यांनी ते हातात घेतलं नाही. भाऊ काही आला नाही.

आली ती केतकी. पुण्याची, तिशीतली, चित्रपट काढणारी. रस्त्यावरच्या रद्दीत तिला पुस्तक मिळालं होतं. ती जमादारांच्या ओट्यावर बसून म्हणाली, "काका, मला यातला संथपणाच हवाय. मला अवकाश दाखवायचाय."

"दाखवा की," जमादार म्हणाले. "मी जमीन दिलीये, अवकाश तुमचा."

त्यांनी अट एकच घातली. गोंदण जसं लिहिलंय तसं दिसलं पाहिजे, डाव्या हातावर, आणि पाचवा ठिपका सुटलेला. केतकीनं ते वहीत लिहून घेतलं. तिला वाटलं, लेखकाचा हट्ट. मनमाडच्या बाजूला चित्रीकरण झालं, तेव्हा जमादार तीन दिवस उन्हात उभे होते. नटीच्या हातावरचं गोंदण त्यांनी भिंगातून तपासलं. युनिटमधले लोक घाई करू लागले की म्हणत, "घाई ही नेहमी संशयिताच्या सोयीची असते."

प्रदर्शनाच्या आधी नाशिकात एक खास खेळ झाला. आधी दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ. एका पाहुण्यांनी पुस्तक आणि चित्रपट यांच्या नात्यावर भाषण केलं. त्यांनी दोन्हींपैकी एकही पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते मोकळेपणानं बोलू शकले. मग चित्रपट सुरू झाला, निदान तसं सांगण्यात आलं. पहिल्या दृश्यात फक्त रूळ होते. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "अडकलं का हो?" दुसरा म्हणाला, "नाही, तो विचार करतोय." एरवी अशा सिनेमाला मी 'कलात्मक' म्हणून घड्याळ पाहिलं असतं. पण मला वाटलं, कुणीतरी पहिल्यांदाच जमादारांच्या चालीनं पाहतंय.

मग ते प्रेताचं दृश्य आलं. मागून मालगाडी जात होती आणि झुडपाबाहेर एक हात खांद्यापर्यंत दिसत होता. दृश्य बराच वेळ हललं नाही. आमच्या पुढे बसलेल्या जमादारांच्या मंडळी शेजारणीला हळूच म्हणाल्या, "अगं, हिनं पदर उजव्या खांद्यावर कसा घेतलाय? गुजराती आहे का?"

मी जमादारांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या टोकाला आले होते. स्वतःचे दोन्ही हात त्यांनी समोर धरले, एकदा डाव्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. गोंदण उजव्या हातावर होतं.

खेळ संपल्यावर त्यांनी पाहुण्यांचे हार घेतले, गरम पाणी मागितलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी केतकीला पत्र गेलं. मला त्यांनी दाखवलं होतं. 'सदर दृश्यात मयताच्या डाव्या हातावरील गोंदण उजव्या हातावर दिसून येते. पदरही उजव्या खांद्यावर आहे. तरी चित्र आरशातल्याप्रमाणे उलटविले असल्याचा संशय आहे.'

संशय बरोबर होता. केतकी धावत आली.

"काका, सगळ्या सिनेमाभर गाडी डावीकडून उजवीकडे जाते. त्या एकाच शॉटमध्ये ती उलटी जात होती, म्हणून आम्ही चित्र फिरवलं. गाडी डोळ्यांना खटकली असती. हाताचं कुणाला कळणारे?"

"ज्याला कळायला पाहिजे त्याला."

"पण काका, हे कथानक आहे."

"मुली," जमादार म्हणाले, "हीच चूक मी एकदा केलीये. दोनदा नको."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, चहासकट. तिनं वही उघडून स्वतःचीच जुनी नोंद पुन्हा वाचली. त्याच आठवड्यात तिनं ते चित्र पुन्हा सुलट केलं आणि गाडी उलटी धावू दिली. शिवाय वितरकाशी भांडून पोस्टरवर नायकाच्या चेहऱ्याऐवजी तो हात टाकला.

पुढे एका समीक्षकानं लिहिलं, की विरुद्ध दिशेनं जाणारी ती गाडी म्हणजे काळाला दिलेला नकार आहे. जमादारांनी ते कात्रण तीनदा वाचलं आणि विचारलं, "हे आपल्याच मालगाडीबद्दल आहे ना?"

चित्रपट आठवडाभर चालला, म्हणजे चालत होता आणि समोर कुणी नव्हतं. पोस्टर मात्र राहिले. नाशिकातच द्वारका चौकात, उड्डाणपुलाच्या खांबावर एक होता. सटाण्याकडचे एक म्हातारे गृहस्थ मुलीबरोबर दवाखान्यासाठी नाशिकात आले होते. ते त्या खांबासमोर उभे राहिले आणि हलेनात. चित्रपट त्यांनी कधीच पाहिला नाही. तो बसून पाहण्याची त्यांना गरज पडली नाही. मुलीनं मोबाईलवर शोधून केतकीला गाठलं, केतकीनं जमादारांना.

"सर, उद्या दहाला या," जमादार मला फाटकाशी येऊन म्हणाले. "पंच म्हणून."

भाऊ पांढरी टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मुलगी दाराशी. त्यांनी आपल्या डाव्या हातावर बोट ठेवलं आणि अहिराणीत म्हणाले, "ती मनी बहीण शे. तो पाचवा ठिपका मनामुळे चुकना. यात्रेत गोंदताना तिना हात मीच धरेल व्हता. ती रडाले लागनी, मी सोडी दिधा."

जमादार उभे होते. "तुम्ही ठाण्यात आला होता. कोणत्या हातावर म्हणून विचारणारा मीच होतो."

त्यांनी खिशातून कागद काढला. स्वतःचा जबाब त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. कुठे उभा होतो, काय दिसलं, काय लिहिलं, काय चुकलं. 'वाटलं ते' एकही वाक्य नव्हतं. तो त्यांनी उभ्यानंच शेवटपर्यंत वाचला. मी पंच म्हणून सही केली. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी सह्या केल्यात, समजून केलेली ती पहिली असावी.

भावांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. मग म्हणाले, "माय तिनी वाट दखता दखता मरी गयी. पोर जित्ती शे म्हनीसन. खुशीमां मरनी."

हे आभार होते की शिव्याशाप, मला अजून ठरवता आलेलं नाही. जमादारांनाही आलं नसावं.

"तिचा नवरा?" जमादारांनी विचारलं.

"आमना सगळ्यांना त्यानावरच संशय व्हता. तो बी गया. दुसरं लगीन करीसन, नातवंडं दखीसन मरना."

जमादार खाली बसले. मी त्यांना इतकं म्हातारं आधी पाहिलं नव्हतं.

शेवटी भावांनी एवढंच विचारलं, "तिले ठेवलं कोठे?"

दुसऱ्या दिवशी भाडोत्री गाडी करून आम्ही तिघं तिथं गेलो. बेवारस प्रेतं पुरण्याची ती जागा आता राहिली नव्हती, तिथं पत्र्याचं गोदाम उभं होतं. जमादारांनी एका बाजूला उभं राहून हात वर केला. "पूर्वेस रेल्वेलाईन. पश्चिमेस विहीर, ती बुजवलेली दिसते. उत्तरेस हा कडुलिंब, तेव्हा लहान होता. त्याच्यापासून नऊ पावलं." त्यांनी ती मोजली. गोदामाच्या भिंतीपासून हातभर अलीकडे थांबले. "इथं. डोकं दक्षिणेला."

भाऊ तिथं उकिडवे बसले. मातीवर डावा तळवा ठेवला. एक गाडी गेली, मग दुसरी. कोणत्या दिशेला ते मी पाहिलं नाही.

मग ते उठले, रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेले आणि तीन ग्लास चहा घेऊन आले. एक मला दिला. दुसरा जमादारांपुढे धरला. डोळ्यांत माफी होती असं मला म्हणता येणार नाही, दिसलं ते लिहावं. हात मात्र त्यांनी मागे घेतला नाही. चहा सांडून बोटांवर येत होता, तरी नाही.

जमादार गेल्या वर्षी गेले. तोवर आमच्याकडे आले की गरम पाणीच मागत. पण त्या दिवशी त्या जागी, कडुलिंबापासून नऊ पावलांवर, त्यांनी ग्लास घेतला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्याले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.