लांबडीचा तीनपदरी हार

भंगारवाल्याने आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला लाथ घातली आणि दादाला म्हणाला, "शेठ, लोखंड चांगलं हाय." त्या दिवशी गाडीबद्दल इतकं चांगलं दुसरं कोणीच बोललं नव्हतं.

मी मध्ये पडले. म्हटलं, "गाडी मी घेते." दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, हसला, वहिनी हसली. भंगारवालाही हसला, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. तुझा काय संबंध रे बाबा?

गाडी आमच्या वडिलांची, अण्णांची. स्टेशन वॅगन. म्हणजे पुढून चारचौघींसारखी मोटार आणि मागे डिकीच्या जागी अख्खी खोली. आडगावच्या आमच्या मळ्यातला झेंडू नाशिकच्या फुलबाजारात आणि टोमॅटोच्या जाळ्या पिंपळगाव बसवंतच्या मार्केटात, दोन्ही तिनेच वाहिलं. घरात तिला लांबडी म्हणतात. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तशी ती गोठ्यामागे शेवग्याखाली जाऊन उभी राहिली आणि कोंबड्यांनी तिचा ताबा घेतला.

मला जुन्या गाड्यांचं वेड वगैरे काही नाही. मला लांबडी हवी होती ती अण्णांसाठी. दादाने नवी गाडी घेतली, ती ही उंच. आत शिरायचं तर आधी पायरीवर पाय, मग वरचं हँडल धरून झोका. अण्णांचा गुडघा तेवढा वाकत नाही. एकदा पिंपळगावच्या मार्केटात दादाने त्यांना गाडीत चढवायला मागून जोर लावला, एका हमालाने भर म्हणून आणखी जोर लावला, आणि अण्णा कांद्याच्या गोणीसारखे आत जाऊन पडले. सगळं मार्केट बघत होतं. कोणीतरी "हळू, माल फुटंल" असंही म्हणालं. ज्या मार्केटात अण्णांच्या शब्दावर लिलाव थांबायचा, त्या मार्केटात!

त्या दिवसापासून अण्णा ओट्यावर. लग्न असो, तेरावं असो, "मला काय काम बाहेर?" एवढंच उत्तर. लांबडीची सीट खाली आहे. आधी बूड टेकवायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा, कोणाचा हात लागत नाही. लांबडी भंगारात गेली असती तर अण्णा कायमचे ओट्यावरच राहिले असते. मला ते दिसत होतं आणि दादाला दिसत नव्हतं, म्हणून आमचं भांडण.

शेवटी दादा म्हणाला, "दसऱ्याला पूजा करून नाशकातल्या देवीपर्यंत जाऊन परत येऊ दे तुझी लांबडी. आली, तर मी परत भंगाराचं नाव नाय काढणार."

नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात मी तिला टोचन लावून नेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि आजाऱ्याला भेटायला आलेल्या पाहुण्याच्या आवाजात विचारलं, "ताई, घरी सगळ्यांना सांगितलंय का?" मग त्यांनी मागची स्टेपनी काढली. दरवाजाचं रबर गेलेलं, त्यामुळे स्टेपनीच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठलेलं, आणि त्या ओल्या मातीत झेंडूची रोपं उगवलेली! इतक्या वर्षांच्या फुलांचं बी तिथे झडून बसलं होतं. मिस्त्री म्हणाले, "हिला ऑईल नाय, युरिया टाका."

मी ती रोपं डब्यात घालून अण्णांकडे नेली. संध्याकाळी बघते तर रोपं ओट्याच्या कडेला ओळीने लावलेली. मला भलताच हुरूप आला.

तो हुरूप पुढे कामी आला, कारण लांबडीचं एक दुखणं बरं झालं की दुसरं आपली पाळी असल्यासारखं पुढे यायचं. क्लच झाला, ब्रेक झाले, वायरिंग उंदरांनी नेलं होतं ते परत आलं. काच खालीवर करायचं हँडल चारही दारांना मिळून एकच मिळालं. ते आम्ही खिशात ठेवतो आणि ज्याला गरम होईल त्याला देतो. मागचा दरवाजा वर राहत नाही, त्याला भेंडीच्या वाफ्यातली काठी लावावी लागते. नवऱ्याने त्याच्या गाडीचा मागचा कॅमेरा मला कौतुकाने दाखवला, तेव्हा मी त्याला ती काठी दाखवली.

श्रावणापासून मी लांबडीने रोज शाळेत शिकवायला जायला लागले. घर पंचवटीत, शाळा पिंपळगावला, मळा वाटेवर. सांगायला हरकत नाही, मला भयंकर मजा यायची. हायवेवरचे टेम्पोवाले मला आपल्यातली समजून साइड द्यायचे. शाळेत ज्या बाई माझ्या गाडीला नाकं मुरडायच्या, त्याच पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाचा पडदा, हार्मोनियम आणि लेझीमचं पोतं माझ्याच गाडीत भरायच्या. ऊन तापलं की आत झेंडूचा वास सुटायचा, आणि तो जाऊ नये म्हणून मी काच खालीच करत नव्हते.

रोज मी मळ्यापाशी थांबून हॉर्न वाजवायचे. "अण्णा, चला, चक्कर मारून येऊ."

"आज चालली वाटतं," अण्णा ओट्यावरून म्हणायचे. येत मात्र नव्हते. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा चिडले. "रस्त्यात बंद पडली तर? मग कशात कोंबणार मला?" तेव्हा मला कळलं. त्यांना गाडीची नाही, त्या ढकलण्याची भीती होती.

दसऱ्याला मात्र ते येणारच होते. पूजेचं वाहन देवीला न्यायचं आणि घरच्या कर्त्याने त्यात पुढे बसायचं, हा आमच्याकडचा नेम आहे. हार त्यांनी स्वतः ओवला. झेंडूवाल्यांच्या घरची गाडी, हार काय लेचापेचा असणार? तीनपदरी, मांडीएवढा जाड, मध्येमध्ये आंब्याची पानं आणि मधोमध ओट्याकडेच्या रोपांची फुलं. बॉनेटवरून सोडून खाली नंबरप्लेटपर्यंत बांधला. समोरची जाळी दिसतसुद्धा नव्हती. चाकाखालची लिंबं फुटली, नारळ एका फटक्यात फुटला, अण्णा बूड टेकवून, एकेक पाय आत घेऊन ऐटीत बसले. मागे दादाची उंच गाडी. निघालो.

हायवेला लागेपर्यंत सगळं छान होतं. मग इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागला. मी थांबले, इंजिन थंड होऊ दिलं, पाणी घातलं, निघाले. पुन्हा काटा वर. असं करत करत दुपारी ऐन द्वारका चौकात, दसऱ्याच्या गर्दीत, बॉनेटखालून वाफ निघाली आणि मला गाडी कडेला घ्यावी लागली. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "ताई, पंखा फिरतोय, पाणी हाय, मंग तापती कशाला?" हे मी त्यांना विचारायला फोन केला होता.

दादा उतरून आला. चेहरा गंभीर, पण आत उकळ्या फुटत असलेल्या मला दिसल्या. त्याने आपल्या गाडीचं दार उघडलं, बाह्या वर केल्या. "अण्णा, चला, बसा माझ्याकडं. मी देतो आधार."

अण्णांनी सीटची कड घट्ट धरली. "मी नाय बसत."

"अहो पण इथं किती वेळ बसणार?"

"दिवाळीपर्यंत."

चौकातले लोक बघायला लागले. मला रडू येत होतं आणि दादाचा गळाही धरावासा वाटत होता. तेवढ्यात एक रिक्षावाला शेजारी येऊन थांबला. त्याच्या रिक्षाचा हार तुटून कुठेतरी पडला होता आणि पूजा व्हायची राहिली होती. आमच्या गाडीवरचा ढीग पाहून त्याला वाटलं आम्ही विकायलाच उभे आहोत. खिडकीतून वाकून त्याने अण्णांना विचारलं, "बाबा, हार केवढ्याला?"

मी त्याला हाकलणारच होते. पण अण्णांनी मान वळवली. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं. "तीनपदरी हे," ते म्हणाले. "हात लावून बघ. घरचा माल."

"बाबा, दुपार झाली. आता झेंडू फुकट वाटतात."

"मंग जा, घे फुकट. चार पाकळ्या राहतील तुझ्या घरी जाईस्तवर."

दसऱ्याच्या दुपारी झेंडूला कुत्रं विचारत नाही, हे नाशकात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अण्णांनी तो हार सकाळच्या भावाने विकला. सीटवरून न उठता. रिक्षावाला वर "बरं झालं भेटलात" म्हणाला, दोऱ्या सोडून हार घेऊन गेला. रिक्षाचं इंजिन मागे असतं, त्याचं काही बिघडण्यासारखं नव्हतं.

मी देवाचं नाव घेऊन चावी फिरवली. निघालो. काटा अर्ध्यावर येऊन जो बसला तो उठलाच नाही. देवीपर्यंत नाही, परत येतानाही नाही. सिग्नलला दादाने गाडी शेजारी आणली, काच खाली केली आणि पडेल आवाजात म्हणाला, "हारच होता. वाराच नव्हता जात आत."

अण्णांनी मोकळ्या बॉनेटकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे इतकी वर्षं मी लोकांच्या गाड्यांना असले जाड हार..." आणि पोट धरून हसायला लागले. मी त्यांना असं हसताना ऑपरेशनच्या आधी कधीतरी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा होती. मळ्यापाशी हॉर्न वाजवायच्या आधीच अण्णा रस्त्याच्या कडेला उभे, इस्त्रीची टोपी, धुतलेलं धोतर. "पिंपळगावच्या मार्केटात सोड," म्हणाले. "शाळा सुटली की घ्यायला ये."

मार्केटच्या दारात गाडी उभी केली. मी त्यांना उतरवायला धावले तर म्हणाले, "हात नको लावू." दार उघडलं, एक पाय बाहेर, दुसरा बाहेर, दाराला धरून ते सरळ उभे राहिले. मग इकडेतिकडे पाहिलं. लिलाव पलीकडे चालला होता, या बाजूला कोणीच नव्हतं.

अण्णा परत आत बसले. दार लावून घेतलं आणि मला म्हणाले, "जरा पुढं घे. तिकडं, सगळे उभे हेत तिथं."