खुन्याची दृष्ट

एवढी वर्षं लोटली, पण हिंगोलीत झालेला त्या खुनाच्या नाटकाचा पहिला खेळ काही केल्या माझा पिच्छा सोडत नाही. निजामाचा अंमल होता आणि मी ठाण्याचा अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार.

फिरती नाटक कंपनी मुक्कामाला आली आणि जवळच्या गोरेगावचा एक शेतकरी ठाण्यात हजर झाला. बांधाच्या भांडणात त्याच्या भावाचा खून झाला होता. मारणारा चुलतभाऊ कित्येक वर्षं फरारी होता. "साहेब, त्यो नाव बदलून ह्या कंपनीत काम करून राहिला. बराबर खबर हाय," तो म्हणाला.

सकाळी सगळ्या नटांना ठाण्यात उभं केलं. गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. सगळे तुळतुळीत दाढी केलेले आणि छापील मराठी बोलणारे! दरडावलं, चहा पाजला, एक बधेल तर शपथ. खुद्द फिर्यादी एकेकाचं तोंड न्याहाळून म्हणाला, "लई वर्सं झाली पाहून, ह्यातलं कोणी वाटत न्हाई जी." कंपनीचा मालक हात जोडून उभा होता, "साहेब, पहिला खेळ आहे, पोटावर पाय आणू नका." सोडून दिलं. पण खेळाला गेलो. मी साध्या कपड्यांत, दोन जवान वर्दीत.

नाटकात एक दाढीवाला खुनी विधवेचा गळा दाबतो. बायका कडाकडा बोटं मोडू लागल्या, "मुडदा बशिवला मेल्याचा!" नट पट्टीचा होता, माझ्याही अंगावर काटा आला.

मध्यंतरात कनातीमागे गेलो. एक म्हातारी त्या दाढीवाल्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवत होती.

"मावशी, हे काहून?"

"काहून म्हंजी? एवढ्या जणींनी शिव्याशाप दिले माझ्या लेकराला. दृष्ट नको काढू व्हय?"

"गाव कोणतं?"

"गोरेगाव."

पोरानं मला ओळखलं होतं. बाजूला येऊन तो हळूच बोलला, तेव्हा छापील मराठी पार गळून पडली होती. "साहेब, मायनं माझं नाटक कधी पाह्यलं न्हाई. शेवटचा अंक होऊ द्या. मी पळत न्हाई."

दोन्ही बाजूंना जवान उभे केले आणि अंक होऊ दिला. शेवटी नाटकातले पोलीस खुन्याला बेड्या घालतात. टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारी शेजारणीला सांगत होती, "खोटं खोटं हाय बरं का ते. माझं पोरगं हाय."

पडदा पडल्यावर त्यानं स्वतःच हात पुढे केले.

पुढे जन्मठेप झाली. कायद्यानं योग्यच झालं. मेलेलाही कुणाचा तरी मुलगा होता. मला शाबासकी मिळाली. माणूस नाव बदलतो, बोली बदलतो, खोटी दाढी लावतो; पण त्याच्यावर जीव टाकणाऱ्याला काही लपवता येत नाही. आम्ही पोलीस नेमके तिथूनच आत शिरतो, आणि वाईट वाटतं ते याचंच.

त्या रात्री त्याला घेऊन बाहेर आलो, तर म्हातारी भाकरीचं गाठोडं घेऊन हसत पुढे आली. बेड्यांकडे पाहून तिनं माझ्या जवानाच्या पाठीवर थाप मारली.

"नाटक संपलं की रं बाबा! सोड आता त्याला, भाकर खाऊ दे."