चाचाचा पट्टू

रोझे, ये बाय, हा कागद अगदी जवळ धर आणि एका बैठकीत वाच. फोनवर करतेस तसं ‘हां आई, बिझी आहे आई’ करू नकोस. आणि परवा मी ‘घरी ये’ म्हटल्यावर फोन ठेवता ठेवता जे बोललीस ना, “तू तरी कुठे आली होतीस माझ्या पहिल्या कम्युनियनला?”, ते काही बरं बोलली नाहीस. बोललीस ते बोललीस, आता उत्तर ऐक.

मी निघाले तेव्हा तू आठ वर्षांची. तुझे पप्पा जाऊन वर्ष झालं होतं. तुला शेजारच्या वाडीत सुकेळी आणायला पाठवलं आणि मी मागच्या दाराने रिक्षात जाऊन बसले. आजी म्हणत होती, “पोरीला सांगून जा गं, लपून जाऊ नको.” मी ऐकलं नाही. तुझं तोंड बघितलं असतं तर माझा पायच निघाला नसता. दोन वर्षांनी चर्चमध्ये तुझं कम्युनियन व्हायचं होतं, त्याला नक्की येईन, एवढा निरोप ठेवला.

कतारमध्ये, दोह्याला मदिनत खलीफातल्या एका व्हिलात स्वयंपाकाचं आणि पोरं सांभाळायचं काम होतं. घर म्हणजे नुसतं मार्बल. पण उतरले त्याच दिवशी माझा पासपोर्ट मॅडमच्या कपाटात गेला. कंपाउंडची भिंत इतकी उंच की किचनच्या खिडकीतून रस्ता दिसायचा नाही, आभाळाचा तुकडा तेवढा दिसायचा. कुकरची वाफ खिडकीतून जायची ना, तिचाही मला हेवा वाटायचा बघ. मी बाहेर पडायचे ती शुक्रवारी मिस्सेच्या प्रार्थनेला, तेही ड्रायव्हर नेईल तेव्हा.

हा ड्रायव्हर अफगाण, पिकल्या दाढीचा. मी चाचा म्हणायचे. त्याच्याकडे मातकट रंगाची लोकरीची मोठी चादर होती, तिला ते लोक पट्टू म्हणतात. आईने कातलेल्या लोकरीचा होता त्याचा. आपल्या वसईत लोकर कुणाला ठाऊक! मी बघतच राहायचे. थंडीत अंगावर पट्टू, नमाजाला जमिनीवर पट्टू, जेवताना रोट्या त्याच्यावरच. बाजारातून कांदेबटाटे त्याच्याच गाठोड्यात. उन्हाळ्यात तो गाडीच्या काचेवर, धुळीचं वादळ आलं की नाकातोंडावर. मी चिडवायचे, “चाचा, इसमें चाय भी बनती है क्या?” तो म्हणायचा, “छानने के काम आता है बहन, बनाना तुम्हारा काम.”

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मॅडमला बाळ झालं. सारखं रडायचं. डॉक्टर झाले, औषधं झाली. मी आपली शहाणी! चाचाचा पट्टू मागितला आणि जिन्याच्या कठड्याखाली आपल्याकडची झोळी बांधली. दोन झोक्यांत बाळ गप्प. मॅडमनी माझा हात धरला, “शुक्रन, शुक्रन!” मला कोण आनंद. आणि तिथेच फसले गं. माझा झोका नसला की बाळ झोपेना.

माझं काँट्रॅक्ट संपलं. पण देश सोडायला त्यांची सही लागायची. मी कम्युनियनचं सांगितलं. “पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला.” पुढच्या महिन्यातही इन्शाल्लाच. आजीने तुझ्या फ्रॉकचं माप कळवलं, मी पांढरं कापड घेऊन ठेवलं. तो दिवस उजाडला तेव्हा मी झोळी हलवत होते. तुझी मिस्सा किती वाजता ते ठाऊक होतं मला. घड्याळाकडे बघताना हात थांबला, तर बाळ लगेच रडलं. रडायलाही सवड नव्हती मला.

शुक्रवारी चाचाला सगळं सांगितलं. हा मूळचा मेंढपाळ. म्हणाला, “बच्चा हाथ से नहीं, बू से सोता है, बहन. हम भी बिना माँ का मेमना दूसरी भेड़ को देते हैं, तो पहले बू बदलते हैं.” मग मी मॅडमना म्हटलं, तुमचा वास लागावा म्हणून हा पट्टू आठ दिवस तुम्ही पांघरा. अत्तरात न्हालेली बाई ती, आणि ड्रायव्हरची खरखरीत चादर! नाक मुरडलं. पण झोपेविना तीही बेजार झाली होती, पांघरली. नवव्या दिवशी झोळी तिने हलवली. मी जिन्यामागे उभी. बाळ झोपलं! पंधरा दिवसांत सही झाली.

पट्टू मात्र झोळीतच राहिला. मला एअरपोर्टला सोडायला चाचा आला तो पातळ कुडत्यात, डिसेंबरच्या गारठ्यात काकडत. स्वतः नऊ वर्षं घरी गेला नव्हता. मी रडायला लागले तर म्हणतो, “पट्टू को छुट्टी नहीं मिली, तुमको मिली. यल्ला, उतरो.”

मी पोचले ती महिनाभर उशिरा. तू आजीच्या मागे लपलीस. ते पांढरं कापड अजून ट्रंकेत आहे.

आता मी दिवसा दाराला कडी घालत नाही. शेजारणी ओरडतात, कोंबड्या आत येऊन घाण करतात. करू देत. उघडं दार दिसलं की मला घरी आल्यासारखं वाटतं, अजून.

तू आता त्याच दोह्यात, अल नस्रला राहतेस, ऑफिसात बसतेस. तुझा पासपोर्ट तुझ्याच ड्रॉवरमध्ये, रजेची सहीसुद्धा एका दिवसात मिळते, तूच म्हणालीस. मग अडकलीस कशात गं? माझ्यावरच्या रागात? तो घेऊनच ये. पडवीत बसून पोटभर भांड माझ्याशी. मी न सांगता गेले होते, तू न सांगता ये. पण लवकर ये, बाय.