शेवट सांगणारे साडू

आमच्या थोरल्या साडूंनी गोष्टींचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसऱ्या कुणीही केलेलं नाही. माणूस तसा देवमाणूस. उभी हयात पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून काढली, पण पाण्याच्या पाळीवरून कुणावर अन्याय केला नाही की कुणाचा चहा घेतला नाही. निवृत्तीनंतर मात्र मुलानं आणलेला भिंतीएवढा टीव्ही, नवा मोबाइल आणि अंथुर्णे या त्यांच्या गावच्या बुद्धविहारातल्या ग्रंथालयाची किल्ली या तिन्ही गोष्टी एकदमच त्यांच्या हाती पडल्या. तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात एकालाही कुठल्याही गोष्टीचा शेवट स्वतःहून कळलेला नाही.

पुस्तक हातात आलं की ते मागून उघडायचं आणि सिरीज लागली की शेवटचा भाग आधी बघायचा, ही त्यांची शिस्त. मी एकदा या उलट्या कारभाराबद्दल विचारलं, तर म्हणाले, "पाव्हणं, यष्टी कुठं जानार ह्ये पाटी वाचल्याबिगर तुमी आत चढता का?" शेवट पदरात पडला की मग ते पहिल्यापासून सगळं निवांत बघतात, आणि नंतर कुटुंबाच्या ग्रुपवर आपला आवाजी अभिप्राय सोडतात. परवाच एक खुनाची सिरीज निघाली. आमची ही नुकती तिसऱ्या भागात रंगली होती, तेवढ्यात फोनमधून साडूंचा आवाज आला, "खून धाकट्या दिरानं केलाय. बाकी फोटोग्राफी झकास हाय." त्या दिवशी आमच्या बारामतीच्या घरात भाजी करपली. शेतावरच्या एका सिनेमाबद्दलचा त्यांचा राग तर अजून शमलेला नाही. "हिरो भर उसातनं पळतोय आन अंगावर एक वरखडा न्हाय! पाचट म्हंजी काय मखमल हाय व्हय?" आणि एका गाजलेल्या प्रेमकथेचा निकाल असा: "दोघांचं लगीन हुतंय. पैल्याच दिवशी रजिस्टर करून मोकळं झालं असतं तर आपली संध्याकाळ वाचली असती."

ग्रंथालयात तर त्यांनी समाजसेवाच आरंभली. पुढच्या वाचकाचा वेळ वाचावा म्हणून ते रहस्यकथेच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'डॉक्टरवर लक्ष ठेवा' असं लिहून ठेवत. कळंबच्या एका शिक्षिकेनं ते पुस्तक तिथल्या तिथे परत केलं आणि विहाराच्या समितीनं साडूंची पेन्सिल काढून घेतली. किल्ली काढून घेण्याचं धाडस काही समितीला झालं नाही, कारण इतक्या वेळेवर ग्रंथालय उघडणारा दुसरा माणूस गावात नव्हता.

या माणसाला पुरून उरले ते फक्त आमचे सासरे, म्हणजे आम्हा दोघांचे मामा. ते थोरल्या लेकीकडेच राहायचे. संध्याकाळी सासरा-जावई टीव्हीपुढे बसत. जावयानं "मामा, ह्यो गडी म्होरं..." एवढं म्हटलं की मामा कानातलं मशीन काढून सदऱ्याच्या खिशात टाकत आणि अख्खा भाग मुक्यानंच बघत. "तू बोल. मला काय ऐकू येत न्हाय," असं वर म्हणत. मामा परवाच्या उन्हाळ्यात बारामतीच्या दवाखान्यात वारले. त्यानंतर साडूंचे अभिप्राय फार लांबत गेले. त्यांना थांबवणारं कुणी राहिलं नव्हतं.

मध्यंतरी माझ्या हातून एक कादंबरी झाली. तिच्यात एक म्हातारा आहे आणि त्याचं कानातलं मशीन बहुतेक वेळा खिशात असतं. पहिली प्रत मी साडूंना नेऊन दिली आणि निकालाची वाट बघत बसलो. नातेवाइकांनी मुखपृष्ठ छान आहे, कागद छान आहे, असं सगळं कळवलं. पण मला हवं होतं साडूंचं मत, कारण खोटं बोलणं त्यांना जमत नाही. त्यांनी कोरियन मालिकेवर अभिप्राय दिला, हळद लागवडीच्या पुस्तकावर दिला ("शेवटाला हळद येते"), माझ्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. ज्यानं आजवर कुणावर दया केली नाही त्यानं माझ्यावर करावी, म्हणजे पुस्तक किती भिकार असेल, या विचारानं माझी झोप उडाली.

शेवटी न राहवून एका रविवारी अंथुर्णे गाठलं. "जयभीम दाजी," म्हणून मी टेकलो आणि थेटच विचारलं, "पुस्तक वाचलं का?"

"वाचतोय की."

"अजून? शेवट तर तुम्ही पहिल्याच दिवशी वाचला असेल."

ते उठले आणि टीव्हीशेजारचं पुस्तक घेऊन आले. कोपरे पार मऊ पडले होते. शेवटची पानं मात्र दोन रबरबँडांनी घट्ट बांधलेली होती.

"ह्याचा न्हाय वाचला," ते म्हणाले. "दवाखान्यापतोर आलोय. म्हातारा खाटंवर बसून च्या मागतोय. मशीन खिशात हाय त्येचं."

"मग पुढे वाचा ना."

"म्होरं तुमी त्येला ठिवनार न्हाय. लिवनाऱ्यांचा माझा अभ्यास हाय." मग रबरबँड उगाच नीट करत हळूच म्हणाले, "हितं हाय तवर बसू द्या की त्येला."

आतून मेहुणी म्हणाल्या, "रोज सांजच्याला तेवढीच पानं वाचत्यात. मोठ्यानं."

शोकांत शेवटाच्या कलात्मक गरजेवर माझ्यापाशी बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ते मी चहाबरोबर गिळलं आणि परत आलो.

पुढच्याच आठवड्यात ग्रुपवर साडूंचा आवाज आला. त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत छोटा अभिप्राय. "पाव्हण्यांचं पुस्तक चांगलं हाय. म्हातारा लई ग्वाड हाय. शेवट सांगत न्हाय."

ग्रुपवर एकच घबराट उडाली. दाजींची तब्येत बरी आहे ना, असं हिनं तातडीनं बहिणीला विचारलं. एवढी मोठी पावती मिळाल्यावर मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण मामांची फार आठवण आली, आणि वाटून गेलं की ती शेवटची पानं आपण लिहायलाच नको होती.