सापगावचा नवा कोच सगळ्यात आधी मी पाहिला!

आधी चहा संपवा. मध्येच हसलात तर ठसका लागेल आणि बोल मला लावाल. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. मी मारण्याआधी तिला धार लावून घेतली होती, एवढाच काय तो फरक!

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमच्या सापगावात तेव्हा कबड्डीचा दणदणीत संघ होता. माझे वडील, तात्या, मंडळाचे अध्यक्ष. त्यामुळे मीही संघात. राखीव! माझं काम म्हणजे पाण्याची कळशी भरायची, सगळ्यांचे टॉवेल सांभाळायचे आणि बाहेरून ओरडायचं. ओरडण्यात मात्र अख्ख्या शहापूर तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

झालं काय, आमचे जुने कोच नाना मुलाकडे नाशिकला राहायला गेले. आता नवा कोच कोण? नाक्यावर पांडूची चहाची टपरी होती. तिथे दिवसभर एकच विषय. देशाचा पंतप्रधान कोण होणार यावरही आमच्याकडे एवढा खल झाला नव्हता. रोज संध्याकाळी नवा कोच ठरायचा आणि सकाळच्या चहाला बदलायचा.

एकदा पांडू गाळणं झटकता झटकता म्हणाला, "मुरबाडकडचा दांडामास्तर येतोय, ऐकलंत काय?"

बाकड्यावरचे सगळे पुढे सरकले. दांडामास्तराला पाहिलेलं कुणीच नव्हतं, पण त्याच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत! म्हणे, भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलातून पळवतो. म्हणे, उंबरमाळीच्या डोंगरावर खेळाडूंना एकमेकांना खांद्यावर घेऊन चढायला लावलं. अर्धे चढले, उरलेले अजून उतरलेले नाहीत!

"आणि राखीव खेळाडूंना दुप्पट पळवतो," पांडूने माझ्याकडे बघत सांगितलं. "म्हनतो, तुमी खेळून दमलेले नसता ना!"

हातातला चहा माझ्या पँटवर सांडला. गरम होता की नाही, तेही कळलं नाही.

घरी जाऊन मी तात्यांना म्हटलं, "तात्या, माझं नाव काढा संघातून."

"अध्यक्षाचाच पोरगा पळाला तर बाकीचे कशाला थांबतील? नाव राहनार. नव्या कोचनं सोताहून हाकलला तर गोष्ट येगळी."

स्वतःहून हाकलला तर. हे वाक्य मी मनात पक्कं धरून ठेवलं. तिथेच सगळा घात झाला.

आता या भानगडीत आणखी एक गोष्ट चालू होती, आणि तीही मुरबाडचीच. माझ्या आत्याला मुरबाडला दिलेली. तिने तिथलं एक स्थळ आणलं होतं. मुलीचं नाव सुनीता. मी मुलगी पाहायला गेलो, तर पोहे असे तिखट की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. मोठी माणसं पाऊसपाण्याच्या गप्पांत. सुनीताने मात्र कुणाला कळू न देता पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि खाली बघून हसली. झालं! मी तिथेच विरघळलो. आता मुरबाडकरांचा निरोप यायचा होता. मुरबाडची एसटी नाक्यावर थांबली की माझ्या छातीत धडधड व्हायची. होकार येतोय की नकार? की दांडामास्तरच उतरतोय?

आणि एका संध्याकाळी तो उतरला.

मैदानात सराव चालला होता आणि मी सराव चुकवून आंब्याच्या झाडामागे बसलो होतो. बघतो तर समोर एक अनोळखी माणूस! बारीक कापलेले केस, पांढरेशुभ्र बूट, हात पाठीमागे बांधलेले, आणि गळ्यात शिट्टी! खेळणाऱ्यांकडे असा बघत होता, जसा बाजारात बैल बघतात. पळावं म्हटलं, तोवर उशीर झाला होता.

तो सरळ माझ्याकडे आला. "तुमी इथलेच काय?"

"ह... हो."

"अध्यक्षांचा मुलगा दिलीप, तो कसा हाय?"

आता बोला! एवढ्या मोठ्या संघातून पहिलं नाव माझंच! तात्यांनी आधीच शिफारस केली असणार, दुसरं काय!

"का? तुमी कशाला विचारता?" मी चाचपडलो.

"पारखून घेतलेलं बरं. मागनं पस्तावा नको. तब्येतीनं कसा हाय?"

मला तात्यांचं वाक्य आठवलं. हाकलला तर सुटलो! मी सुरुवात केली.

"कसली तब्येत घेऊन बसलात! उजवा गुडघा कामातनं गेलाय त्याचा. कुठं जायचं तर चौघांनी उचलून न्यावा लागतो."

"अरेरे! आनि कष्टाला?"

"नवाच्या आत उठला तर गाव बघायला जमतं."

"मोठ्यांचं ऐकतो?"

"जन्मदात्या बापाचं नाय ऐकत, तुमचं काय ऐकनार?"

त्याने आवाज खाली आणला. "पीत-बीत नाय ना?"

इथे मात्र मी अडखळलो. हे जरा जास्तच होतंय, असं मनात आलं. पण डोळ्यांपुढे उंबरमाळीचा डोंगर उभा राहिला. म्हटलं, "शुद्धीत असला की इचारतो त्याला."

तो माणूस खरोखर खचला हो! कपाळाला हात लावून म्हणाला, "घरचं चांगलं हाय म्हनून लय आशा होती. बरं झालं, येळेवर कळलं. तुमचं नाव काय?"

"पांडू," मी बेधडक सांगितलं. "चहावाला."

"पांडुशेठ, तुमचे उपकार जन्मात इसरनार नाय," असं म्हणून तो माझे दोन्ही हात दाबून निघून गेला.

मी तसाच टपरीवर धावलो. "नवा कोच येऊन गेला! डोळ्यांनी बघितला! बोललो त्याच्याशी!" मग काय विचारता! आधी होता त्यापेक्षा तो हातभर उंच झाला, शिट्टीच्या जागी हातात वेताची छडी आली. दुसऱ्या दिवशी मैदान ओस. आमचा हुकमी चढाईपटू मावशीकडे पळाला, कर्णधाराला थंडीताप भरला. तात्या एकटेच मैदानात शिव्या देत उभे. मी मात्र घरी निर्धास्त ताणून दिली होती.

चार दिवस गेले असतील. आत्या एसटीतून उतरली ती तणतणतच घरात शिरली.

"दादा, नाक कापलं माझं! मुरबाडकरांनी नकार दिला!"

"काय म्हनतेस?" तात्या उभेच राहिले. "कशापायी?"

"पोरगा लंगडा, आळशी आनि बेवडा हाय म्हने! सुनीताचा मामा, मुलगी दाखवली तवा नव्हता तो, सोता येऊन गुपचूप चौकशी करून गेला. शाळेत पीटीचा मास्तर हाय तो. शाळा सुटली तसाच आला होता, गळ्यात शिट्टी घालून!"

मी भिंतीला टेकलो. तसाच घसरत खाली बसलो.

अहो, मुलीकडचा माणूस असा न सांगता येतो, गावात मुलाची चौकशी करतो, ही आमच्याकडची जुनी रीत. शेंबड्या पोरालाही माहीत असते. मलाही होती! पण भीती एकदा डोक्यात शिरली की अक्कल दार उघडून बाहेर जाते, ती जाताना सांगूनही जात नाही.

"कोन बोलला असं?" तात्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली.

"तो तुमचा पांडू चहावाला!"

तात्या पुढे, मी मागे, माझ्यामागे निम्मं गाव. पांडू बिचारा दूध तापवत होता. काठी बघून त्याच्या हातातलं पातेलं निसटलं.

"तात्या, आईशपथ! मी त्या पाव्हन्याला बघितला पन नाय! दिल्या, तू तरी सांग ना रे! मी तुझ्याबद्दल असं बोलेन?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. खरं बोलायची ती वेळ होती. तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं? "तसा चांगला हाय तो... पन मानसाचा काय भरवसा!"

पांडूच्या डोळ्यांत पाणी आलं. तो ओरडला, "बोलवा त्या पाव्हन्याला! त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं, तर टपरी जाळून टाकतो!"

रविवारी मामा आले. मैदानात गाव लोटलेलं. मी शेवटच्या रांगेत, डोक्यावरून टॉवेल घेऊन, सगळ्या कुलदैवतांना एकदमच आळवत उभा. पांडूला पुढे केला.

"हे नव्हंत," मामा म्हणाले आणि रांगेतून एकेकाला न्याहाळत निघाले. पांढरे बूट माझ्यासमोर येऊन थांबले.

"टॉवेल काढा."

काढला.

"हेच ते! हेच पांडुशेठ!"

तात्यांच्या हातातून काठी गळून पडली. "पाव्हनं," ते कसेबसे म्हणाले, "हा आमचा दिलीप हाय."

मी रडकुंडीला येऊन सगळं सांगून टाकलं. दांडामास्तर, डोंगर, चिखल, सगळं. पांडूचे पाय धरले. मामांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"म्हंजे गुडघा बरा हाय?"

"हो."

"दारू?"

"थेंब नाय, मामा. आईची शपथ."

"आनि नवाला उठता ते?"

"...ते खरं हाय."

"तुमच्या तोंडावर आता माझा इस्वास नाय. गुडघा मीच बघतो." आणि त्यांनी शिट्टी फुंकली. "पळा!"

पळालो! ज्या पळण्याला घाबरून एवढं रामायण केलं, तेच अख्ख्या गावासमोर! पण खरं सांगतो, सुनीता हातची जाईल या भीतीपुढे दांडामास्तराची भीती काहीच नव्हती. पडलो, उठलो, पुन्हा पळालो. शेवटी मी मातीत आडवा झाल्यावर मामा म्हणाले, "दम बरा हाय. मुलगी देऊ."

मी उताणा पडल्या पडल्या हात जोडले. पण तात्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. शिट्टी वाजल्याबरोबर पळपुटा चढाईपटू आणि थंडीतापाचा कर्णधार आपोआप ताठ उभे राहिले होते, ते तात्यांनी हेरलं होतं.

"पाव्हनं," तात्या हळूच म्हणाले, "आमच्याकडं कोच नाय हो. येत जाल काय?"

"सोयरीकच झाली," मामा म्हणाले. "आता घरचंच काम."

उन्हाळ्यात लग्न झालं. लग्नात मी मुरबाडकरांना दांडामास्तराचं विचारलं, तर ते म्हणाले, "तो तुमच्या शहापूरकडचाच ना?"

पुढल्या मोसमात आम्ही चषक आणला. सत्कारात पांडूने माझ्यासाठीही शाल-नारळ आणला आणि माइकवर सांगितलं, "नवा कोच कोन, हे सगळ्यात आधी आमच्या दिल्यानंच वळखलं होतं!" टाळ्यांचा कडकडाट. मी खुर्चीवरून उठायला गेलो, तर उठता येईना. मामेसासऱ्यांनी वर्षभर पळवून उजवा गुडघा खरोखरच कामातून घालवला होता.

पांडूने तसाच माइकवर आवाज दिला, "चौघं जा रे, उचलून आना त्याला!"