चढावर थांबलेली कॅरव्हॅन

“असू दे गं, लागेल,” म्हणत काकू कॅरव्हॅनमध्ये आणखी एक पिशवी ढकलायच्या. लोखंडी खलबत्ता, तांदळाचं पोतं, दोन कुकर, कुणाला थंडी वाजली तर जास्तीची रजई. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. निघताना त्याच्या सामानाला आपण हसतो आणि पोचल्यावर कात्री त्याच्याकडेच मागतो.

ग्लासगोत आमच्या रस्त्यावर मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. काकूंची सगळी नोकरी हॉस्पिटलात नर्स म्हणून झाली. कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, खरी काकांची. आपल्या दणकट गाडीला ती जोडून त्यांनी सगळं स्कॉटलंड पालथं घातलं होतं. काकू शेजारी बसून त्यांना संत्री सोलून देत. मग काकांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मुलीने मोठी गाडी विकून आईला पार्किंगला सोपी अशी छोटी डिझेल एसयूव्ही घेऊन दिली. कॅरव्हॅनही विकायचं चाललं होतं. काका दिवसभर खिडकीतून तिच्याकडे बघत बसायचे.

“मी चालवीन,” काकू एक दिवस म्हणाल्या.

“आई, ती कार एवढा हेवी कॅरव्हॅन जेमतेम पुल करेल,” इथेच जन्मलेली मुलगी फोनवर म्हणाली.

“मीपण जेमतेमच ओढतेय. चाललंय ना?”

त्यानंतर रविवारी सकाळी सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांचा सराव सुरू झाला. कॅरव्हॅन उलटी घ्यायची तर स्टिअरिंग भलतीकडेच फिरवावं लागतं. काकूंना ते लवकर जमलं. “पेशंटची ट्रॉली लिफ्टमध्ये उलटी घालायची, तसंच आहे,” म्हणाल्या.

त्याच वर्षी माझी आई साताऱ्यात गेली. मला वेळेत पोचता आलं नाही. परत आले तेव्हा काकूंनी दारात उभं राहूनच विचारलं, “जूनमध्ये समुद्रावर जातोय. डावी बाजू बघायला मला माणूस हवंय. येशील?” मी गेले. न जाण्याइतकंही बळ माझ्यात नव्हतं.

लॉक लोमंड सरोवराच्या काठाने छान गेलो. आम्ही पुढे, काका मागच्या सीटवर. पुढे घाट लागतो. त्याचं नावच ‘रेस्ट अँड बी थँकफुल’ आहे, दम खा आणि आभार माना. दरड कोसळल्यामुळे तिथे काम चालू होतं, रस्ता एकेरी केलेला. आम्ही चढावर असतानाच सिग्नल लाल झाला.

हिरवा झाल्यावर काकूंनी क्लच सोडला. गाडी थरथरली, हातभर पुढे गेली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा जळका वास आला. मागे वाहनांची रांग लागली होती. काकूंनी शांतपणे हँडब्रेक ओढला आणि म्हणाल्या, “बास. हिला नाही झेपत. चाकांमागे ठोकळे लाव.”

मी लाकडी ठोकळे लावेपर्यंत त्या खाली उतरून मागच्या गाडीपाशी पोचल्याही होत्या. वॉर्डात बोलत असतील त्याच आवाजात त्यांनी सांगितलं, “माझी गाडी लहान आहे आणि सामान फार झालंय. थोडं तुम्ही वर न्याल का?”

नाही म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती. पिवळ्या जाकिटातल्या कामगाराने समोरची वाहनं रोखून धरली. एका प्लंबरने गॅस सिलिंडर, पाण्याचे कॅन आणि तांदूळ आपल्या व्हॅनमध्ये चढवले. एका दाढीवाल्या मोटरसायकलवाल्याच्या डिकीत कुकर गेला. खलबत्ता हातात घेऊन त्याने विचारलं, हे काय असतं? काकू म्हणाल्या, “वर ये, सांगते.” एका वयस्क जोडप्याने काकांना आपल्या गाडीत घेतलं. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर शाल टाकली आणि त्या बाईंना म्हणाल्या, “ते बोलत नाहीत. पण त्यांच्याशी बोललेलं त्यांना आवडतं.” मग माझ्याकडे वळल्या. “तूही जा. तुझंही वजन आहेच की.”

त्या एकट्या खाली राहिल्या.

वरच्या सपाटीवरून सगळी दरी दिसत होती. काका आणि मी त्या जोडप्याच्या गाडीतच बसून खाली बघत होतो. सिग्नल पुन्हा हिरवा झाला असावा, कारण ती छोटीशी गाडी हलली. थांबली. परत हलली आणि या वेळी थांबली नाही. मागून पांढरी कॅरव्हॅन रखडत येऊ लागली. माझं लक्ष काकांकडे गेलं. त्यांचा चांगला असलेला डावा हात शालीवर मुठीत वळला होता. खालून इंजिनाचा आवाज बदलला, तशी ती मूठ जरा मागे सरकली. पहिला गिअर, दुसरा. सबंध घाटभर ते काकूंच्या बरोबर गाडी चालवत होते.

काकू वर पोचल्या तेव्हा प्लंबरने हॉर्न वाजवला. त्या उतरल्या आणि सरळ काकांकडे आल्या. “चढवली हो मी. पाहिलंत ना?” काकांनी तो हात त्यांच्या गालावर ठेवला. काकूंना मी रडताना पाहिलं ते तेवढंच.

मग सगळ्यांना आल्याचा चहा झाला. दाढीवाल्याने आलं स्वतः कुटलं.

समुद्रावर आम्ही चार दिवस होतो. पहिल्या संध्याकाळी भांडी विसळताना काकू म्हणाल्या, “आता सांग, आई कशी होती तुझी?” त्या बाईला माणूस केव्हा उचलायचा आणि केव्हा खाली ठेवायचा, दोन्ही कळत होतं. मी अंधार पडेपर्यंत बोलत होते. कित्येक महिन्यांनंतर त्या रात्री मला झोप लागली.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले, आणि गेल्या वर्षी काकू. कॅरव्हॅन मुलीने एका तरुण कुटुंबाला दिली. ते भलीमोठी गाडी घेऊन आले, पाच मिनिटांत जोडून निघाले. मी स्लिपरवरच रस्त्यात उभी होते. कोपऱ्यावर कॅरव्हॅन वळली तेव्हा मी हात वर केला. त्यांना आरशात दिसला की नाही, कोण जाणे.